तांब्यावरचा मिना गार होताना टवके सोडतो: टॉर्चवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

लक्षण नेहमीचेच. मिना म्हणजे रंगीत काचेची पूड, धातूवर वितळवून चढवलेली. ती चाळलेली तांब्याची चकती ज्योतीवर छान चकाकली, रंग खुलला, टॉर्च बंद केला आणि मिनिटभरात ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. काठाशी नखाएवढा टवका उडाला. कधी हे लगेच घडते, तर कधी दुसऱ्या दिवशी सकाळी चकतीशेजारी काचेचा कण पडलेला सापडतो. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: उघड्या पडलेल्या जागेवर पूड टाकून पुन्हा तापवतात. एकदा भरून निघते, दोनदा निघते, तिसऱ्यांदा शेजारचा तुकडाही घेऊन उडते. मूळ कारण तसेच राहून त्यावर फक्त नवा थर चढलेला असतो.

म्हणून आधी एक विनंती: टवका फेकू नका. चिमट्याने उचला, पांढऱ्या कागदावर उलटा ठेवा आणि भिंगातून त्याची पाठ बघा. पुढची सगळी दुरुस्ती या पाठीवरून ठरते.

पाठीला काळा किंवा काळपट लाल पापुद्रा चिकटलेला असेल, तर मिन्याने तांब्याला धरलेलेच नव्हते. त्याने धरले होते ते तांब्यावरच्या काळ्या पोपड्याला, आणि पोपड्याने तांबे सोडले. पाठ स्वच्छ असेल आणि खालचे तांबेही गुलाबी, चकचकीत दिसत असेल, तर पत्रा तेलकट होता किंवा तापवणे अपुरे पडले. तांब्यावर काचेचा पातळ थर अजून शिल्लक असेल आणि तडा चंद्रकोरीसारखा वळलेला असेल, तर काच ताणाने फुटली आहे. चौथा प्रकार वेगळाच: पूड वितळण्याआधीच, तापता तापता उडते. तो ओलाव्याचा दोष आहे.

काळी पाठ: नवख्यांच्या कामात सर्वाधिक दिसणारा दोष

तांबे हवेत तापले की त्यावर आधी पातळ लाल ऑक्साइड धरते आणि पुढे त्यावर काळे ऑक्साइड वाढत जाते. पातळ लाल थर वितळलेल्या मिन्यात विरघळतो आणि काच व धातू यांचा सांधा घट्ट करतो, त्यामुळे तो हवाच असतो. काळा थर जाड झाला की गार होताना तांब्यावरून पोपड्यासारखा सुटतो. नुसते तांबे लाल करून पाण्यात टाकले तर हे पोपडे तळाशी साचलेले दिसतील. तेच पोपडे मिन्याखाली राहिले की मिन्यासकट निघतात.

म्हणजे प्रश्न वेगाचा आहे. मिन्याची पूड सैल असते, तिच्या कणांमधून हवा खालच्या तांब्यापर्यंत जात राहते. पूड वितळून सलग झाली की हवा बंद होते. तांबे तापायला लागल्यापासून पूड सलग होईपर्यंत जितका वेळ जाईल, तितका काळा थर वाढेल. कमकुवत टॉर्च असेल तर चकती चार-पाच मिनिटे धुमसत राहते आणि खाली पोपडा तयार होतो. वरून मात्र काम उत्तम झाल्यासारखे दिसते. हेच या दोषाचे फसवेपण.

२५ मिमी व्यासाची, ०.८ ते ०.९ मिमी जाडीची चकती चांगल्या टॉर्चवर साधारण दीड-दोन मिनिटांत पूर्ण व्हायला हवी. तीन मिनिटांनंतरही वरची पूड साखरेसारखी खडबडीतच दिसत असेल तर टॉर्च लहान आहे, चकती मोठी आहे किंवा ज्योत चुकीच्या जागी लागते आहे. स्वयंपाकघरात पुडिंगवर साखर जाळायला वापरतात तो छोटा ब्यूटेन टॉर्च जेमतेम २५ मिमीपर्यंत साथ देतो. ४० मिमीचे पेंडंट त्याच्यावर करायला जाऊ नका. ब्यूटेनच्या डब्याची आणखी एक खोड आहे: सलग वापरात डबा स्वतःच गार पडतो, आतला दाब उतरतो आणि ज्योत मऊ होते. पहिली चकती छान होते आणि चौथ्या चकतीचा टवका उडतो, तेव्हा डब्याला हात लावून बघा. गार लागला तर पंधरा मिनिटे थांबा. डबा कोमट पाण्यात किंवा ज्योतीजवळ ठेवून गरम करणे धोक्याचे आहे.

ज्योत कुठे लावता यालाही तितकेच महत्त्व. चकती जाळीवर किंवा तिवईवर ठेवून ज्योत खालून द्यायची. ज्योतीच्या आत जो निळा सुळका दिसतो, त्याच्या टोकाच्या किंचित पुढे सर्वांत जास्त उष्णता असते. सुळक्याच्या आत चकती गेली तर तिथे न जळलेला वायू असतो. तो तापवत कमी आणि रंग बिघडवतो जास्त: शिसेयुक्त मिना त्यात राखाडी-काळा पडतो. म्हणून टॉर्च जवळ आणला म्हणजे लवकर होईल, हा समज सोडा. सुळक्याचे टोक चकतीच्या खाली सुमारे १ सेंमीवर राहील असे धरा आणि ज्योत गोल फिरवत ठेवा, एका जागी रोखू नका. मधोमध रोखली तर मध्य जळतो आणि काठ कच्चा राहतो.

काठावर टवके जास्त का उडतात, याचेही उत्तर इथेच आहे. चाळताना पूड मध्यभागी जास्त पडते आणि काठावर नुसती शिंपडल्यासारखी होते. पातळ थराखाली तांबे झपाट्याने काळे पडते. रांगोळी घालताना आपण आधी बाहेरची रेघ ओढून मग आत भरतो, तसेच इथे करा: आधी चाळण काठावरून फिरवा, मग मध्यभागी या. चाळण ८० मेशची, म्हणजे इंचाला ८० भोके असलेली हवी. चहाची गाळणी फार भोकाळ असते, तिच्यातून पूड ढिगांनी पडते. चाळण चकतीच्या ५ ते ८ सेंमी वर धरून बोटाने टिचक्या मारा. २५ मिमीच्या चकतीला एका थरासाठी पाव ग्रॅमच्या आसपास पूड लागते. तांब्याचा गुलाबी रंग कुठूनही डोकावत नाही, इतपत सारखा थर पुरे. थर जाड करून एकदाच उरकण्यापेक्षा दोन पातळ थर दोनदा तापवा.

स्वच्छ पाठ, गुलाबी तांबे

टवका निघाला आणि त्याच्या पाठीला काहीच चिकटलेले नाही. इथे संशय दोघांवर: तेल आणि कच्चे तापवणे.

तेल पत्र्यावर दिसत नाही, पण पाण्याला कळते. घासून धुतलेली चकती नळाखाली धरा आणि तिरपी करा. पाणी सलग पातळ पडद्यासारखे पसरून राहिले तर पत्रा स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंबांत जमा झाले तर तिथे तेल आहे. पसरलेला पडदा पाच-सात सेकंद टिकला पाहिजे. तोपर्यंत पुढे जाऊ नका. या एका चाचणीने निम्मी कामे वाचतात.

स्वच्छतेचा क्रम असा: चकती एकदा मंद लाल होईपर्यंत तापवून घ्या, म्हणजे कापताना लागलेले तेल जळते आणि पत्रा मऊ होतो. गार झाल्यावर अर्धा लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून त्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवा. भांडे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे घ्या. घरी लिंबूफूल नसेल तर चिंच आणि मीठही काम करते, फक्त नंतर गर पूर्ण निघेपर्यंत धुवावे लागते. मग हिरव्या घासणीने पाण्याखाली गोल गोल घासा. भांडी चकचकीत करण्याच्या पावडरी आणि पेस्ट या टप्प्यावर टाळलेल्या बऱ्या, त्यांचा अंश खाचांत राहतो. स्टीलच्या तारेची घासणी लोखंडाचे कण सोडते आणि ते पारदर्शक रंगात काळे ठिपके होऊन दिसतात. धुतल्यावर चकती फक्त काठाला धरा. डोक्याला तेल, हाताला क्रीम लावून या कामाला बसू नये.

पत्रा कुठून आला, हेही विचारा. पुण्यात तांबट आळीत आणि मुंबईत तांबा काट्यावर तांबे मिळते, पण जुन्या भांड्याचा तुकडा कापून वापरणार असाल तर आत कल्हई आहे का ते बघा. कल्हई म्हणजे कथिल. ते तापल्यावर वितळून तांब्यात मुरते आणि त्यावर मिना नीट धरत नाही. सजावटीच्या तयार वस्तूंवर लाखेचा किंवा लॅकरचा थर असतो, तोही आधी काढला पाहिजे. पितळेचा तुकडा तांबे समजून वापरला तर त्यातले जस्त सतत त्रास देते: मिना पहिल्यांदा धरतो आणि नंतर सुटतो. शंका असेल तर कानशीने काठ घासून आतला रंग बघा, पिवळा दिसला तर तो तुकडा बाजूला ठेवा.

जाडी सांगताना गेजच्या आकड्यावर विसंबू नका. अमेरिकी पद्धतीत १८ गेज म्हणजे १.०२ मिमी, आणि आपल्याकडे चालणाऱ्या एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज) या ब्रिटिश मापात १८ गेज म्हणजे १.२२ मिमी. ही जाडी लहान टॉर्चला जड जाते. दुकानात सरळ मिमीमध्ये मागा. सुरुवातीला ०.८ ते ०.९ मिमी, म्हणजे साधारण २० एसडब्ल्यूजी. ०.५ मिमीचा पत्रा लवकर तापतो पण तितकाच वाकतो, आणि वाकला की काच फुटते.

आता कच्चे तापवणे. तापताना पूड तीन रूपांतून जाते. आधी काळवंडून साखरेसारखी खडबडीत दिसते. मग संत्र्याच्या सालीसारखी, कण एकमेकांना धरलेले पण पृष्ठभाग उंचसखल. शेवटी सपाट, ओल्या चकाकीची. तांब्यासाठीचे मध्यम प्रकारचे मिने ७६० ते ८२० अंश सेल्सियसच्या आसपास या तिसऱ्या रूपात येतात. नवखे दुसऱ्या रूपाशी थांबतात, कारण वरून ते वितळल्यासारखे वाटते. तिथे कणांचे खालचे टोक तांब्याला नुसते टेकलेले असते. पूर्ण चकाकी आल्यावर आणखी पाच-सहा सेकंद ज्योत ठेवा, मग काढा. त्याहून फार लांबवू नका. काठ काळे-हिरवे होऊ लागले आणि रंग काठापासून मागे सरकू लागला, की जास्त झाले.

हे रंग ओळखायला डोळ्यांपुढे अंधूक उजेड हवा. खिडकीतल्या उन्हात तांब्याची लाली दिसतच नाही आणि माणूस एक तर लवकर थांबतो, नाही तर जाळून टाकतो. टेबल सावलीत घ्या, चकतीवर थेट दिवा पाडू नका. शिजलेल्या मिन्याची चकती सावलीत सारखी पिकल्या चेरीसारखी लाल दिसते. एका बाजूला ती मंद आणि दुसऱ्या बाजूला झळझळीत असेल तर ज्योत कमी पडणाऱ्या बाजूला न्या.

चंद्रकोरीसारखा तडा

इथे साफसफाईचा दोष नाही. तांबे आणि काच गार होताना वेगवेगळे आकसतात. मिना साधारण ५०० अंशांच्या आसपास कडक होतो. तिथून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत २५ मिमीची तांब्याची चकती जवळपास ०.२ मिमीने लहान होते. त्याच लांबीची काच मात्र ०.१२ मिमीच्या आसपासच आकसते. उरलेला फरक काचेला दाबतो आणि चकतीला वाकवतो: मिन्याची बाजू फुगीर होते. दाब काच पुष्कळ सोसते, वाकणे सोसत नाही.

उपाय एकच, आणि तो टाळता येत नाही: चकतीच्या पाठीलाही मिना. दोन्ही बाजूंना सारखा ओढा राहिला की चकती सपाट राहते. पाठीचा थर समोरच्या एकूण थराइतका असावा. समोर तीन थर आणि पाठीला एक, असे झाले तर दोन दिवसांनीही टवका उडतो. ‘कालपर्यंत बरे होते’ अशी तक्रार आली की पाठ आधी तपासावी.

पाठ आधी करा. तिला निरनिराळ्या रंगांची उरलेली पूड एकत्र करून वापरतात, रंग दिसायचा नसतो आणि माल वाया जात नाही. पाठ झाली की समोरची बाजू काळी पडलेली असेल. चकती पुन्हा लिंबूफुलाच्या पाण्यात घाला, घासा, पाण्याचा पडदा बघा आणि मग समोरची पूड चाळा. हा टप्पा गाळून थेट काळ्या तांब्यावर पूड टाकणे, हे काळ्या पाठीच्या टवक्याचे सर्वांत साधे कारण आहे. समोर तापवताना पाठ पुन्हा मऊ होऊन जाळीला चिकटते, म्हणून चकती तीन टोकांवर फक्त काठाला टेकेल अशा स्टीलच्या तिवईवर ठेवा. साध्या लोखंडाच्या तारेवर तापून खवले सुटतात आणि मिन्यावर पडतात.

चकती किंचित खोलगट ठोकून घेतली, घड्याळाच्या काचेइतकी, तर ती वाकायला कमी तयार असते. पहिल्या दहा-बारा कामांना हाच आकार घ्या. सपाट, टोकेरी, मधे मोठी भोके असलेले आकार नंतर.

ताणाचे दुसरे कारण घाईने गार करणे. आपल्या घरात यासाठी दोन सापळे हजर असतात: डोक्यावरचा पंखा आणि कडप्प्याचा ओटा. लाल चकती थंड कडप्प्यावर टेकवली की तिची खालची बाजू क्षणात गार होते, वरची अजून मऊ असते. तडा तिथेच बसतो. चकती तिवईसकट तशीच राहू द्या, किंवा भट्टीच्या पांढऱ्या हलक्या विटेवर ठेवा. पंखा आधीच बंद करा, खिडकीतून थेट वारा येत असेल तर पत्र्याचा आडोसा उभा करा. हवा खेळती हवी, पण झोत चकतीवर नको. दहा मिनिटे हात लावायचा नाही. लाल चकती पाण्यात बुडवायची नाही.

तिसरे कारण मिन्याचा मेळ. निरनिराळ्या कंपन्यांचे मिने एकमेकांवर चढवले की त्यांचे आकसणे जुळेलच असे नाही. कुटलेल्या काचेच्या बांगड्या थेट तांब्यावर वितळवायचा मोह होतो, पण बांगडीची काच या मिन्यांपेक्षा जास्त उष्णता मागते आणि कोणत्या बांगडीत काय आहे ते सांगता येत नाही. मातीच्या भांड्यांचा ग्लेझही इथे चालत नाही. खरेदी करताना आणखी एक गोष्ट बघा: बाटलीसोबत हार्डनरची दुसरी बाटली असेल किंवा दीडशे अंशांवर सुकवा असे लिहिले असेल, तर ते रेझिन आहे. त्यावर मिना लिहिलेले असले तरी ज्योतीवर ते जळून धूर करेल.

तापताना उडणारी पूड

पूड चिकटून राहावी म्हणून सेल्युलोजचा पातळ डिंक किंवा बिहीदाण्याचा चीक लावतात. तो ओला राहिला तर ज्योत लागताच आतल्या पाण्याची वाफ होते आणि पूड पापुद्र्यासारखी उचलली जाते. डिंक पाण्याइतका पातळ असावा, तयार डिंक असेल तर तेवढेच पाणी घाला. पूड पांढुरकी आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय ज्योत लावू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे सुकायला तासही लागतो. चकती साठ वॅटच्या जुन्या दिव्याखाली ठेवा. ज्योतही सुरुवातीची वीस सेकंद लांबून द्या. डिंक जास्त झाला तर बुडबुडे आणि सुईच्या टोकाएवढी भोके राहतात.

पारदर्शक रंग धुरकट येत असतील तर पूड धुवून घ्या: काचेच्या पेल्यात पाणी घालून ढवळा, दहा-पंधरा सेकंद जड कण बसू द्या, वरचे दुधाळ पाणी ओता. चार-पाच वेळा केल्यावर पाणी स्वच्छ राहते. शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्या, बोअरच्या पाण्यातले क्षार रंगात उतरतात. ओतलेले पाणी मोरीत सोडू नका, बादलीत साठवून गाळ खाली बसवा. मिना शिसेयुक्त असू शकतो. पूड चाळताना एन९५ मास्क आणि तापवताना चष्मा, दोन्ही लावा. टवका उडतो तेव्हा तो वर उडतो.

उडालेली जागा भरताना

कारण सापडल्यावरच भरा. उघड्या जागेच्या कडा उभ्या ठेवल्या तर नवा थर त्यांच्याशी मिळत नाही, म्हणून हिरव्या कार्बाइड दगडाने किंवा डायमंड कानशीने त्या उतरत्या करा. हे पाण्याखालीच करा, काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. मग लिंबूफुलाच्या पाण्यात पाच मिनिटे, जास्त नाही. काही रंगांची चकाकी आम्लाने जाते. ब्रशने घासा, पाण्याचा पडदा बघा, पूर्ण वाळवा. खड्ड्यात पूड कडेपेक्षा किंचित उंच भरा, कारण वितळल्यावर ती जवळपास निम्मी बसते. तापवताना ज्योत आधी सगळ्या चकतीखाली फिरवा, मग खड्ड्याखाली न्या. थेट खड्ड्यावर रोखली तर शेजारची थंड काच तडकते.

एकाच चकतीवर तिसऱ्यांदा तोच टवका उडाला तर ती वाचवत बसू नका. त्याच पत्र्याची नवी चकती घ्या, त्याच पुडीने पाठ आणि समोर एकेक थर द्या आणि या वेळी एकच गोष्ट बदला: टॉर्च, किंवा पत्रा, किंवा पूड. पेन्सिलने वहीत जाडी, पुडीचे नाव, चकाकी येईपर्यंतचे सेकंद आणि टवक्याच्या पाठीचा रंग लिहून ठेवा, आणि टवका त्याच पानावर चिकटपट्टीने लावा.